पहिल्या नाटकाची साथ

कॉलेजच्या नाट्यपरंपरेवर चार शब्द लिहा, असं मला सांगितलंय. परंपरा कसली डोंबलाची! पहिल्याच नाटकात आम्ही एका माणसाचा बळी दिला, तेवढं मला ठाऊक आहे. तेच लिहितो.

साल १९४८. कॉलेज नवंकोरं, वर्ग भिंगारच्या वाटेवरच्या जुन्या बराकीत भरायचे. स्नेहसंमेलनाला पौराणिक संगीत नाटक ठरलं. दोन दिवस राहिले आणि पुण्याहून भाड्याने यायचा ऑर्गन येत नसल्याची तार आली. ऑर्गनशिवाय संगीत नाटक म्हणजे मिठाशिवाय कालवण. नाटकमंडळीत ख्रिस्ती मी एकटाच, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या चर्चमध्ये पायाने भाता मारायचा ऑर्गन होता आणि तो वाजवणारे यशया मास्तर होते.

मास्तर मिशनच्या सुतारशाळेत शिकवायचे. वीस वर्षं एकही रविवार त्यांनी चुकवला नव्हता. मी गेलो, तेव्हा त्यांनी एकच विचारलं, चर्चच्या पंचांची परवानगी काढली का. मी काढली म्हणालो. काढली नव्हती. पंच नाही म्हणणार हे पोरसोरही सांगू शकलं असतं, आणि मला तर मित्रांसमोर मिरवायचं होतं.

मास्तरांनी असं वाजवलं की काय सांगू! पहिल्या अंकात तीन वेळा वन्समोर आला. ज्यांच्या ओट्यावर मास्तरांच्या बापाला पाय ठेवता आला नव्हता, ती माणसं टाळ्या पिटत होती. मास्तर मान खाली घालून घाम पुसत होते आणि हसत होते. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

चौथ्या दिवशी पंच बसले. देवाचा ऑर्गन नाटकात नेला, गणपतीच्या नांदीला साथ केली. कुणाला विचारून? मी दाराशीच उभा होतो. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं बोललो असतो तर मिशनच्या बोर्डिंगमधून नाव कटलं असतं आणि नेवाशाला परत जाऊन शेरडं वळावी लागली असती. मी मूग गिळून गप्प बसलो.

"न्हाई इचारलं कुनाला," मास्तर म्हणाले. "माजं मीच नेला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. पंचांनी त्यांना ऑर्गनवरून उठवलं. चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करा, मगच पुन्हा बसा, असा ठराव झाला. वाजवणं हे पाप नाही, असं म्हणून मास्तर दोन महिने अडून राहिले. मी त्यांच्या घरावरून जायचं सोडलं.

पण त्यांची लेक दया हिचं लग्न राहुरीच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. बापावर ठपका असताना चर्चमध्ये लग्न लागणार नाही, असं पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, कळवलं. व्याह्यांनीही निरोप धाडला की असं असेल तर आम्ही दुसरी मुलगी बघतो. दयाच्या आईने जेवण टाकलं.

पुढच्या रविवारी मास्तर उभे राहिले. कागद पाळकसाहेबांनी लिहून दिलेला होता. "या माझ्या हातांनी पाप केलं," हे वाक्य त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं. माझं नाव त्या दिवशीही त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

गुरुवारी लग्न लागलं. पहिलं गीत आलं तसं पाळकसाहेबांनी हसून ऑर्गनकडे हात केला. सगळं मिटलं, असंच त्यांना वाटत होतं. मास्तर बाकावरून उठले, पण पुढे गेले नाहीत.

"साहेब, रविवारी तुमीच मला म्हनायला लावलं, ह्ये हात पापी हायेत," ते शांतपणे म्हणाले. "मंग लेकीच्या लग्नात ते देवाच्या पेटीवर कसे ठिवू?"

दुसरं कुणी वाजवणारं नव्हतं. लोकांनी तसंच गायला सुरुवात केली, ज्याचा त्याचा सूर वेगळा. दया मान खाली घालून रडत होती. मीही गायलो, मोठ्याने.

मास्तर त्यानंतर सात वर्षं जगले. ऑर्गनला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. परवानगीचं खोटं कोण बोललं, हे त्यांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.