सालिमच्या नोंदीतली एक ओळ

“खफजी गया, हाजीसाब! अब दम्माम की बारी,” थर्मामीटर झटकत अनुराधा म्हणाली.

सहा नंबरच्या खाटेवरच्या हाजी मक्कींनी वहीतून मान वर केली नाही. “किसने बोला?”

“सब बोलते हैं.”

“सब मतलब कोई नहीं, बेटी. विभा को बुलाओ.”

अनुराधाच्या अंगाचा तिळपापड झाला. आखाती किनाऱ्यावरच्या दम्मामच्या या इस्पितळात, याच वॉर्डात तिची आठ वर्षं गेली होती. विभाला येऊन जेमतेम दीड. वॉर्डची इनचार्ज इराकशी पेटलेल्या युद्धाच्या धास्तीनं मायदेशी पळालेली, आणि तिच्या जागी मेट्रन, तीही मराठीच, या दोघींतली एक नेमणार होती.

विभा आली. “हाजीसाब, मैंने खुद रेडिओ पर सुना. सरहद पार करके इराकी खफजी में घुसे हैं, लड़ाई चालू है. आगे का मालूम नहीं.”

“भरोसे की लड़की,” हाजी म्हणाले.

हाजी मक्की जवळच्याच कतीफचे शिया. तरुणपणी मोत्याच्या व्यापाऱ्याकडे मुंबईत राहिले होते, तिथली ही हिंदी. इमामांची वचनं, म्हणजे हदीस, आरंभीच्या काळात ज्यांनी तोंडोतोंडी पुढे पोचवली, त्यांतला कोण विश्वासाचा आणि कोण नाही, हे ताडून लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. सध्या वहीत त्या जुन्या काळातला असाच एक सांगणारा, कुफा शहरचा सालिम गहूवाला होता.

त्याच दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला. प्रत्येक नर्सला एक गॅसमास्क; रुग्णांना एकही नाही. अनुराधा जिन्याकडे धावली. वळणावर तिनं मागं पाहिलं. काचेच्या दारातून दिसलं : विभा स्वतःचा मास्क काढून धापा टाकणाऱ्या हाजींच्या तोंडावर बसवत होती.

क्षेपणास्त्र आलंच नाही. चहाच्या सुट्टीत अनुराधा मेट्रनच्या कानाशी लागली. “सहा नंबर एकटा होता हो. ड्यूटी विभाची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रननं दोघींना त्या खाटेपाशी उभं केलं. कोणी सांगितलं ते न बोलता ती विभाकडे वळली. “रुग्णाला टाकून पळालीस? मग करार खलास, घरी जा.”

“मी इथंच होते,” विभा एवढंच म्हणाली.

मेट्रननं हाजींना विचारलं. त्यांनी वही मिटली. “मास्क देखा. चेहरा नहीं देखा, दम घुट रहा था. जो देखा नहीं, कैसे बोलूँ?”

आपल्या लाडकीसाठीसुद्धा म्हातारा एक शब्द जास्त बोलला नाही. अनुराधाला हायसं वाटलं, आणि मग वाटेना.

“संध्याकाळपर्यंत ठरवते,” म्हणून मेट्रन गेली.

विभानं अनुराधाला बाहेर गाठलं. “ताई, तुम्ही जिन्यात होतात ना? तुम्हाला काही दिसलं का हो?”

“जीव मुठीत धरून पळताना कुणाला काय दिसतं, विभा!”

हाजींना दुपारच्या गोळ्या देताना अनुराधाला राहवलं नाही. “आपका वो सालिम? भरोसे का निकला?”

“एक आदमी ने उसको झूठा बोला है.”

“फिर?”

हाजींनी सांगितलं : दोघं एकाच गुरूचे शिष्य. गुरू सालिमला जवळ बसवायचा. म्हणून जाणत्यांनी त्या माणसाचा शब्द वजनातच धरला नाही.

“और वो आदमी?”

“उसको भी सैकड़ों हदीसें याद होंगी. एक भी नहीं बची. तेरा सौ साल में उसकी एक ही लाइन है : सालिम से जलता था.”

गोळ्यांचा ट्रे तिनं हळूच खाली ठेवला. टेबलाशी जाऊन तिनं वॉर्डचं रजिस्टर उघडलं. ‘भोंग्याच्या वेळी विभा सहा नंबरपाशी होती. स्वतःचा मास्क तिनं रुग्णाला लावला. मी जिन्यातून पाहिलं. मी पळत होते. आधी सांगितलं ते खोटं.’ खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि रजिस्टर मेट्रनपुढे ठेवून आली.

संध्याकाळी इनचार्जकडे असायच्या त्या औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या विभाच्या कमरेला लागल्या. विभा अनुराधाशी बोलली नाही. मत्सर काही एका सहीनं जात नाही. ती किणकिण अनुराधाला भिंतीपलीकडूनही ओळखू यायची.

पुढल्या सकाळी सारा वॉर्ड एकच बोलत होता. ती थर्मामीटर घेऊन सहा नंबरला गेली. विभा समोरच उभी होती. तरी हाजींनी अनुराधालाच विचारलं, “खफजी का क्या हुआ?”

ती तोंड उघडून थांबली. “वापस लिया, बोलते हैं. मैंने खुद कुछ नहीं सुना.”

हाजींनी वही बाजूला सरकवली आणि तिला टेकायला खाटेच्या कडेला जागा केली.

पलीकडे किल्ल्या वाजल्या. अनुराधानं पाऱ्याचा आकडा दोनदा वाचला, आणि मगच लिहिला.