इंजिनाखालचे पत्रे

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर दोन मतं असतात आणि दोन्ही बरोबर असतात, हीच खरी पंचाईत. इंजिनाखालच्या पत्र्यांचंही तसंच झालं.

माझे सासरे भिकाजी, म्हणजे आमचे आबा. त्यांचा जुना फार्गो ट्रक परसात फणसाखाली वीसेक वर्षं उभा होता. कधीकाळी तो हर्णे बंदराच्या पुळणीवर पार पाण्यापर्यंत जाऊन मासळी भरायचा आणि माझ्या माहेरी, सावर्ड्याच्या बाजारापर्यंत न्यायचा. माझा नवरा सर्वेश जहाजावर इंजिन रूममध्ये फिटर आहे. यंदा लांब रजा मिळाली तसा त्याने ट्रक दुरुस्तीला काढला. आम्ही घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. नवा रंग दिलेला ट्रक फाटकाशी उभा राहिला की लोक हौसेने फोटो काढतील, एवढाच आमचा विचार. आबांना मात्र आम्ही "गाडी चालू करतोय" असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. इंजिन चालू होणारच होतं, फक्त गाडी कुठे जाणार नव्हती.

आबांचा डावा पाय अर्धांगाने लुळा झालेला. तरी ते रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि ट्रकजवळ खुर्ची टाकून बसायचे. चाकात हवा किती, वायर कुठून घ्यायची, सगळ्यात तोंड घालायचे. सर्वेश वैतागायचा. पण आबा पुन्हा पोटभर जेवायला लागले होते, म्हणून मी सर्वेशलाच गप्प बसवायची.

रंग वाळला त्या दिवशी आबांनी काठीने बॉनेटखाली खूण केली. "खालचे पत्रे कधी लावतंस?"

इंजिनाच्या दोन्ही अंगांना, खाली चासीपर्यंत, असे पत्रे असतात. रस्त्यावरचं पाणी नि चिखल इंजिनावर उडू नये म्हणून.

"ते नाय लावत," सर्वेश म्हणाला. "नुसते खडखडतात. वर तेल साठतं, गळती झाकून राहते. आमच्या जहाजावर गळती आधी दिसली पाहिजे."

"गळती वाकून बघता येते. खारं पाणी आत शिरलं तर ते कोणाला दिसतंय?"

"आबा, गाडी आता पाण्यात कशाला जातेय?"

आबांनी नव्या रंगाकडे बघितलं. मग म्हणाले, "हां. मग नको लावू." आणि उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या दिवशीही. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. भांडले असते तर बरं झालं असतं. आमच्याकडे भांडण म्हणजे तब्येत ठीक असल्याची खूण. मला सर्वेशचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण ट्रक फाटकाशी उभा करायची कल्पना माझीच होती.

सासूबाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. मी विचारलं, "आई, त्या गाडीचे खालचे पत्रे गेले कुठे?"

"हे काय," म्हणत त्यांनी खुराड्याच्या छपराकडे बोट केलं.

छप्पर उतरवलं तेव्हा कोंबड्यांनी घर डोक्यावर घेतलं. पत्रे काळेकुट्ट, चिकट, आणि वास असा की माझं डोकं गरगरलं. पण गंज औषधालाही नव्हता. बाकीच्या ट्रकची तर चाळण झाली होती. निम्मा पत्रा सर्वेशने नवा घातला होता.

"मुशीचं तेल," सासूबाई म्हणाल्या. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. "दरसाल आपल्या होडीच्या लाकडाला लावलं, की उरलेलं ह्या पत्र्यांना चोपडायची."

"खुराड्याच्या छपराला?"

"छप्पर कसलं गो! गाडीचे पत्रे ते. हे बोलले व्हते, गाडी परत पुळणीवर न्यायचीय. मग काय गंजवून ठेवू?" सावर्ड्याच्या माणसांना काय कळणार, अशा नजरेने माझ्याकडे बघून त्या पुन्हा दाणे टाकायला लागल्या.

ती गाडी संपली, असं आम्ही दोघं केव्हाच धरून चाललो होतो.

मी पत्रे सर्वेशपुढे नेऊन टाकले आणि सासूबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"इंजिन तापलं की हा वास सगळा केबिनमध्ये येणार," तो म्हणाला. "पाहुणे पळतील."

"हर्ण्याला येऊन मासळीचा वास नको असेल तर त्यांनी महाबळेश्वरला जावं."

त्याने पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. खारं पाणी लोखंडाचं काय करतं हे त्याच्याइतकं आमच्यात कोणाला ठाऊक नाही. तो नटबोल्ट शोधायला गेला.

पत्रे बसवून त्याने इंजिन चालू केलं. तो म्हणाला होता तसा खडखडाट झालाच. हळूहळू इंजिन तापलं आणि मुशीच्या तेलाचा उग्र वास परसभर पसरला. तशी पडवीत काठी वाजली.

"ओहोटी लागली असेल," आबा दारातूनच म्हणाले.

तिघांनी मिळून त्यांना वर चढवलं आणि चौघंही केबिनमध्ये कोंबून बसलो. गाडी पुळणीवर उतरली तशा मासळी निवडणाऱ्या बायका उठून बघायला लागल्या. "भिकाजीची गाडी!" कोणीतरी ओरडलं. ओली वाळू संपली तिथे सर्वेशने ब्रेक दाबला. मला वाटलं, झालं, आबांना समुद्र दाखवला. एक लाट पुढच्या चाकांना लागून मागे गेली.

आबांनी पाण्याकडे बघितलं, मग सर्वेशकडे.

"थांबलास का? पत्रे कशाला लावलेस मग?"

सर्वेशने गिअर टाकला.