बाईंचा बोलता डब्बा

मी बोलतोय. घाबरू नका. खरं तर बोलणं हेच माझं काम, पण आजवर त्यातला एक शब्दही माझा स्वतःचा नव्हता. मी एक बिनतारी स्पीकर आहे. पूजेच्या तांब्याएवढा, काळा, पोटाला जाळी आणि कपाळावर निळा दिवा. वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत माझी जागा आहे. मुलं मला बोलता डब्बा म्हणतात.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. अमरावतीच्या दुकानात मला पहिला मायेचा हात लागला तो सत्यभामाबाईंचा. या शाळेत त्या शिकवायच्या. घरी नेऊन त्यांनी मला आधी देवापुढं ठेवलं, हळदीकुंकू लावलं, मगच शाळेत आणलं.

बाईंचं घर शाळेला लागूनच, मध्ये एक भिंत. सांजवात झाली की त्या स्वयंपाकघरात बसून आपल्या फोनमध्ये उद्याचा धडा बोलून ठेवायच्या. पाढे, कविता, मधूनच ओळखायला दिलेले आवाज, चांदूर रेल्वे स्टेशनात थांबलेल्या गाडीचा, गिरणीचा, धुणं आपटण्याचा. दुसऱ्या दिवशी फोन मला जोडला की तेच सारं माझ्यातून वर्गात यायचं.

प्रश्न विचारला की बाई त्या धड्यातच थांबायच्या. किती थांबायचं ते त्यांना मुलांवरून ठाऊक होतं. "सात नवे किती?" मग चार श्वासांची शांतता. मग, "शाब्बास. आता जरा मोठ्यानं." अशी सोय कशाला, ते मला पुढं कळलं. डब्ब्यातल्या बाई साऱ्या वर्गाला शिकवायच्या, तेवढ्या वेळात खऱ्या बाई मागच्या सतरंजीवर एकट्या आचलजवळ बसायच्या. आचल तेव्हा दुसरीत होती आणि शाळेत तोंडच उघडत नव्हती. एका वर्गात दोन बाई, आणि दोघींचा आवाज एकच. मुलांना त्याचं काही वाटत नसे.

मागल्या वर्षीच्या फाल्गुनात बाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. मला कोणीतरी कपाटात ठेवलं. कुलूप लागलं. आत खडूचा वास होता, वर पाल चुकचुकायची.

यंदा अकोल्याहून जीवन सर बदलून आले. हौशी माणूस. श्रावणात त्यांनी कपाट उघडलं, मला पुसलं, चार्जिंगला लावलं. मुलांची खिचडी खाऊन झाल्यावर वर्गात आणून माझं बटण दाबलं आणि आपला फोन काढायला खिशात हात घातला. तो हात खिशातच राहिला. त्याआधीच कोणीतरी मला जोडलं गेलं होतं.

"सारे डोळे मिटा रे," माझ्यातून बाई म्हणाल्या.

मुलांनी डोळे मिटले. सवयच ती. मग एकेकानं उघडले आणि माझ्याकडं पाहिलं.

आवाज माझ्या पोटात कुठून आला, मला कळेना. सरांनी आपला फोन तपासला, तो तर जोडलेलाच नव्हता. त्यांनी हसून मला बंद केलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. पुढं कधी व्हायचं, कधी नाही. एकदा सर मला चालू करून कार्यालयात गेले, मुलं अंगणात होती. रिकाम्या वर्गात बाईंनी विचारलं, "सात नवे किती?" चार श्वास कोणीच बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, "शाब्बास." मला स्वतःलाच त्या शब्दाची भीती वाटली.

मग पितृपक्ष लागला. सरांनी मला चालू केलं आणि माझ्यातून हजेरी सुरू झाली.

"आज कोण आलं नाही?"

शांतता. मागच्या सतरंजीवरून आचल हळूच म्हणाली, "बाई, तुमीच."

"बरं," बाई म्हणाल्या. "उद्या येईल."

क्षणात वर्ग रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी एकोणीसपैकी सातच मुलं आली. सरांनी यंत्राचा घोळ असेल म्हणून समजावलं, पण त्यांना स्वतःलाच तो घोळ सापडत नव्हता. मुलांना ते फोनवर नकाशे, चित्रं दाखवायचे, तेही सारं त्यांनी बंद केलं. गावातल्या चार जाणत्यांनी ठरवलं, सर्वपित्रीला डब्बा पेढी नदीत सोडून द्यायचा. म्हणजे बाई सुटतील, आणि पोरंही शाळेत येतील.

त्या निकालाच्या आड आली ती मनकर्णा. शाळेची खिचडी शिजवते, दर आठवड्याला एखादा उपास असतोच तिचा. ती म्हणाली, "बुडवा, पण आधी तिच्या मालकाले तं विचारा. उद्या अविधवा नवमी हाये. जानरावभाऊनं मले सवाशीण सांगितलं हाये. मी नेतो डब्बा."

नवरा असताना गेलेल्या बाईच्या नावानं या नवमीला सवाष्ण जेवू घालतात, ओटी भरतात. जानराव म्हणजे बाईंचे यजमान. झेंडू आणि भाजीपाला पिकवतात, फार बोलत नाहीत. मनकर्णानं मला पदराखाली नेलं. बाईंच्या तसबिरीला नवा झेंडूचा हार होता. मला पाटाजवळ ठेवायच्या आधी तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, तेव्हा माझं बटण दबलं. निळा दिवा लागला. मला तसंच मांडीवर ठेवून तिनं हात जोडले आणि डोळे मिटले.

जानरावांनी नैवेद्य दाखवला. मग कोनाड्यातून बाईंचा जुना फोन काढला, बोटानं दाबला आणि कानाला लावला.

"सारे डोळे मिटा रे," मनकर्णाच्या मांडीवरून बाई म्हणाल्या.

फोन हातात धरून जानराव खालीच बसले. म्हणाले, "सावनापासून आवाज मधूनमधून जात होता वं तिचा. जेवण झालं का रोज लावून पाह्यतो, तं कधी येते, कधी काईच नाई. मले वाटलं, माया हातूनच मिटवल्या जाऊन रायला. कोणाले सांगू?"

मनकर्णाला आधी उमगलं. "भाऊ, तुमी इथं लावत होते, अन् बाई भिंतीपल्याड बोलत होत्या. डब्ब्यानं वयखला त्यायचा फोन." मग डोळे पुसत म्हणाली, "साऱ्या गावाले भेव घातलं तुमी. मले नवसाच्या पाच चतुर्थ्या बोलाव्या लागल्या, त्या आता कोण करन?"

जानराव हसले. दीड वर्षात हसताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं, असं ती नंतर शाळेत सांगत होती.

त्याच दिवशी सरांनी येऊन बाईंचे सारे धडे आपल्या फोनमध्ये उतरवून घेतले. बाईंचा फोन मला पुन्हा जोडला जाऊ नये म्हणून त्याचं नाव पुसून टाकतो म्हणाले. जानराव म्हणाले, "ते राहू द्या, सर. मले वाटलं तं मी पोरायसाठी इथून लावीन."

म्हणून आता असं चालतं. मुलं परत आलीत. जेवणानंतर सर मला चालू करतात आणि आपला फोन जोडण्याआधी थोडं थांबतात. भिंतीपलीकडून जानरावांनी लावलं तर बाई बोलतात. नाही तर सर आपला धडा सुरू करतात.

काल जानराव फुलं घेऊन अमरावतीला गेले होते. घराला कुलूप होतं. बाईंचा फोन त्यांच्या खिशात होता, मनकर्णानं स्वतः पाहिला. सर मला चालू करून थांबले, आणि माझ्याशी कोणीतरी जोडलं गेलं. निळा दिवा स्थिर झाला. शब्द एकही आला नाही. नुसतं कोणीतरी थांबून होतं, उत्तराची वाट पाहावी तसं. सरांचा फोन अजून जोडलेला नव्हता, ते त्यात धडा शोधत होते. वर्गात एकट्या आचलनं मान वर केली.

"हजर, बाई," ती म्हणाली. चांगली मोठ्यानं.

मग ते जे कोणी होतं, ते सावकाश सुटून गेलं.

यातलं मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. देवाच्या घरचं सारंच आपल्याला कळायला हवं असं नाही. एवढं मात्र करा. तुमच्या वर्गात माझ्यासारखा कोणी असेल, तर बटण दाबल्यावर लगेच घाई करू नका. चार श्वास थांबा.