खिशातलं इरिडियम

"खिसा रिकामा कर! आत्ताच्या आत्ता!"

जेवणाच्या शेडमध्ये बाकावर तंगड्या पसरून बसलेला मेहुणा हसला. "काय भाऊजी, माझे वेल्डिंगचे सांधे नापास करून पोट भरलं नाही? आता खिसेही तपासणार?"

फोटोवाल्याच्या हातातलं किरण मोजायचं यंत्र नुसतं किंचाळत होतं. पाइपांच्या वेल्डिंगचे किरणांनी फोटो काढायचे हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला फोटोवालाच म्हणत. मेहुणा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ, त्याच पाइपलाइनवरचा वेल्डर. गेल्या आठवड्यात त्याचे सांधे फोटोत कच्चे निघाले, तेव्हापासून दोघांत धुसफूस होती.

किरण यायचे ते नखाएवढ्या इरिडियमच्या तुकड्यातून. त्याचे अणू आतल्या आत सारखे फुटत असतात. अडीच महिन्यांत जोर निम्म्यावर येतो. पण हा तुकडा कोरा, नुकताच आलेला. सकाळी तो त्याला पेटीतून आत-बाहेर करणाऱ्या तारेवरून निखळला होता आणि त्याची जाड पेटी रिकामीच बंद झाली होती. यंत्राच्या आवाजामागे धावत फोटोवाला शेडपर्यंत आला होता.

"पाइपाखाली चकाकत होतं, उचललं," मेहुणा म्हणाला. "पोरीला खेळायला होईल."

"अरे, मरण आहे ते! काढ!"

"ओरडू नका. चार लोकांत माझा पाणउतारा पुरे झाला."

फोटोवाल्याने त्याच्या पँटच्या खिशात हात घालायला झेप घेतली. मेहुण्याने छातीवर लाथ घातली. आयुष्यात कुणावर हात न उगारलेल्या त्या माणसाने चुलीवरची लोखंडी किटली उचलली आणि मेहुण्याच्या तोंडावर हाणली. दात तुटले. उकळता चहा दोघांच्याही अंगावर सांडला. मेहुणा कोसळला, तसा हा त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. मेहुण्याने त्याच्या दंडाचा लचका तोडला. फोटोवाल्याने पुन्हा किटली घातली. या वेळी जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मारून टाकतोय! ओढा त्याला!" जेवायला बसलेले कामगार धावले.

पाठीत पाइप बसला. मग बरगडीत. फोटोवाला मेहुण्यावरून हलला नाही. फाटलेल्या खिशातून त्याने तुकडा बोटांनी ओढून काढला आणि मागच्या दारातून मोकळ्या वाळूत भिरकावला.

"तिकडे कुणी जाऊ नका!" तो ओरडला आणि डोक्यात लाथ बसून आडवा झाला.

यंत्राची किंचाळी एकदम उतरली. तेव्हा कुठे मारणाऱ्यांचे हात थांबले. कुणी काही विचारायच्या आत तो उठला, लंगडत गेला आणि त्याने आपल्या सामानातल्या लांब चिमट्याने तुकडा शिशाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मग तिथेच वाळूवर रक्त ओकला.

इस्पितळात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी पडल्या. महिनाभरात मेहुण्याची मांडी आतून सडत गेली. पाय कमरेपासून काढावा लागला. फोटोवाल्याच्या उजव्या हाताची बोटं काळी पडली आणि एकेक करून गेली.

त्याची बायको रोज यायची आणि भावाच्या खाटेशी बसायची. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं. तरी भावाचा तारांनी बांधलेला जबडा बघितला की तिला नवऱ्याकडे बघवत नसे. त्याच्या उशाशी ती जेवण ठेवायची आणि पाठ फिरवायची. तो डाव्या हाताने चमच्याशी झटायचा. अर्धं अंगावर सांडायचं.

त्या दुपारी ती भावाला सूप पाजायला बसली. मेहुण्याने चमचा बाजूला सारला. तारांमागून शब्द नीट फुटत नव्हते.

"ताई, आधी भाऊजींना भरव."

तिने खुर्ची फिरवली, नवऱ्याच्या छातीवर पदर पसरला आणि पहिला चमचा फुंकून त्याच्या ओठांशी नेला.