सात नंबरचं पिल्लू

घरात तिला सगळे टकळी म्हणायचे. एकदा तोंड सुरू झालं की थांबायचं नाव नाही. पण थंडीत आई गेली आणि घरात बोलायला कोणी उरलंच नाही. बाबा जेवताना ताटाकडे बघायचे आणि जेवण झालं की भिंतीकडे. शेवटी मावशीनेच पुढाकार घेतला आणि उन्हाळ्याची सुट्टी लागताच पंधरा वर्षांच्या टकळीची रवानगी पाणथळीकाठच्या पक्षी केंद्रात झाली. दोन महिने तंबूत राहायचं, होडी वल्हवायची, गुडघाभर चिखलात रुतायचं आणि करकोच्याची सात अनाथ पिल्लं वाढवायची.

केंद्राचा नियम कडक होता. पिल्लांजवळ जायचं ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून. हातात करकोच्याच्या डोक्याची कापडी बाहुली चढवायची, तिच्या चोचीने मासळी भरवायची आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

“माणसाचा आवाज ओळखीचा झाला, की पिल्लू माणसाला घाबरायचं विसरतं,” केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. “असं पिल्लू शिकाऱ्याच्या हाती आयतं सापडतं. मग त्याला सोडता येत नाही. जन्मभर पिंजरा.”

सुट्टीसाठी केंद्रात आलेली बाकीची मुलं टकळीकडे बघून खुदखुदली. काही तासांतच त्यांना तिची चांगलीच ओळख झाली होती.

तिच्या वाट्याला सात नंबरचं पिल्लू आलं. त्याची आई कुंपणाच्या तारेत अडकून मेली होती. पंधरा दिवस टकळीने दातावर दात रोवून काढले. मग एका दुपारी खाऊन झाल्यावर पिल्लाने तिच्या बाहीत डोकं खुपसलं आणि ती हळूच म्हणाली, “माझी पण नाहीये रे.”

झालं. त्यानंतर रोज. आईचा खोकला, कपाटातला हिरवा स्वेटर, तो धुवायला काढला म्हणून मावशीशी झालेलं भांडण, सगळं सगळं तिने त्या पिल्लाच्या कानात ओतलं. झग्याच्या आत तोंड हलतंय हे कोणाला दिसणार? उलट पोरगी किती शांत झाली, असं डॉक्टरीणबाईंनी कौतुकाने बाबांना फोनवर सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात पिल्लांची परीक्षा होती. डॉक्टरीणबाई झगा न घालता, टाळ्या वाजवत, ओरडत पिल्लांच्या अंगावर धावून गेल्या. सातही पिल्लं भुर्रकन उडाली.

“पास! उद्या सकाळी सोडायची!” त्या ओरडल्या. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

टकळी बाजूला उभी होती. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसण्यात तिचा फायदा होता. कोणाला काही कळलं नसतं. पण बाहेर कुठल्या तरी झाडीत कोणी तरी तिच्यासारखं हळू बोलेल आणि हे वेडं धावत जाईल, हे तिला दिसत होतं.

“मॅडम,” ती म्हणाली, “सात नंबर माझ्या आवाजाला घाबरत नाही. मी बोलत होते त्याच्याशी. रोज.”

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टोपी काढली आणि कपाळ पुसलं.

“हाक मार बघू.”

टकळी साध्या कपड्यांत काठावर गेली. पळ, पळून जा, असं मनातल्या मनात म्हणत तिने तोंड उघडलं. “ए, मी आहे.”

पलीकडच्या काठावर पिल्लाने मान वर केली. मग पंख फडफडवत, पाणी उडवत ते धावत सुटलं आणि येऊन तिच्या उघड्या कोपरात डोकं खुपसून उभं राहिलं. तिथे बाही नव्हती, तरीही.

दुसऱ्या दिवशी सहा पिल्लं उडून गेली. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या पिंजऱ्याचं दार उघडलं.

“जा आत,” त्या म्हणाल्या. “झगा नको आता. हवं तेवढं बोल, आता काही बिघडत नाही.”

टकळी आत जाऊन जमिनीवर बसली. पिल्लू लगबगीने जवळ आलं. आईचं सगळं तिने त्याला सांगून टाकलं होतं. त्याचं स्वतःचं काय झालं, ते कसं सांगायचं हे तिला कळेना. तिने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. दुपारी बाबा न्यायला आले तरी ती तशीच बसली होती, आणि पिल्लू मान वाकडी करून तिच्या बोलण्याची वाट बघत होतं.