डुकराची काच

सकाळचे अकरा वाजले होते, प्रयोगशाळेत पंखा संथ फिरत होता आणि ताई मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या होत्या. काचेवर फुगलेल्या पेशींचे घोसच्या घोस होते आणि प्रत्येक पेशीच्या आत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे. काचेवरचा आकडा त्यांनी तीनदा वाचला. सतरा. सतरा नंबर म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ.

भावाच्या मणक्यातली गादी सरकली होती. गेल्या मंगळवारी ऑपरेशन करून तिचा बाहेर आलेला तुकडा काढला. "ताई, माझी गादी गेली, आता राज्य तूच सांभाळ," असं तो स्ट्रेचरवरूनही बडबडत होता. वय अडतीस, अक्कल आठ वर्षांची. आई गेली तेव्हा तो जेमतेम चारचा होता. तेव्हापासून त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं, बोहल्यावर चढवलं ते ताईंनीच.

तो तुकडा तपासायला इथेच आला. इथल्या डॉक्टरांचा उद्योग जगावेगळा होता. निरनिराळ्या प्राण्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या आणायच्या आणि कोणाच्या गादीत कसल्या पेशी आहेत ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. तुकडे मेणात बसवणं, कापणं, रंगवून काचेवर चढवणं हे ताईंचं काम. सोळा नंबर मेंढी, सतरा माणूस, अठरा डुक्कर.

बावीस वर्षं ह्यातच गेल्यावर ताईंना कोणी शिकवायला नको होतं. त्या फुगीर पेशी जन्माआधीच्या, आईच्या पोटात पाठीचा कणा घडतो तेव्हाच्या. डुकराच्या गादीत त्या मोठेपणीही सुखाने नांदतात. मेंढीच्या गादीतून मात्र निघून जातात, आणि माणसाच्याही. पोर दहा वर्षांचं होईतो त्यांनी गाशा गुंडाळलेला असतो. मागे उरतात त्या बारक्या, सुट्या सुट्या पेशी. म्हणजे डुकराच्या काचेवर असले बुडबुडे दिसले तर खुशाल चहा प्यायला जावं. अडतीस वर्षांच्या माणसाच्या काचेवर दिसले तर ती बहुतेक गाठ, आणि ती गाठ चांगली नसते.

ताईंचे हातमोजे आतून ओले झाले. मग एकदम आठवलं. गुरुवारी तुकडे मेणात बसवत असताना भावजयीचा फोन आला होता. ती रडत होती आणि ताई एका हातात चिमटा धरून तिची समजूत घालत होत्या. तेव्हा सतरा आणि अठराची अदलाबदल झाली असली तर? झालीच असणार! माणसाचं लक्ष एका वेळी किती ठिकाणी राहील? देवाकडे ताईंनी आजवर पुष्कळ काही मागितलं होतं, पण 'माझ्या हातून घोडचूक झालेली असू दे' हे पहिल्यांदाच मागितलं. असली चूक म्हणजे नोकरी गेलीच. गेली तर गेली चुलीत.

खात्री करायला अठरा नंबर बघणं पुरेसं होतं. त्या काचेवर बारक्या पेशी दिसल्या की अदलाबदल नक्की, आणि भाऊ वाचला. पण ट्रेमध्ये अठरा नव्हती. ती डॉक्टरांच्या टेबलावर होती.

ताई सतरा नंबर मुठीत धरून बोळातून जवळजवळ पळतच गेल्या.

"डॉक्टर, माझी चूक झालीय," दारातूनच त्या म्हणाल्या. "सतरा आणि अठरा बदलल्यात. गुरुवारी माझं लक्ष नव्हतं. मला काढून टाका हवं तर, पण आधी अठरा बघू द्या."

"तुमची चूक?" डॉक्टर हसले. "सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज? या, बघा. लावलेलीच आहे."

ताई स्टुलावर बसल्या, पण डोळा भिंगाला लावायचा धीर होईना. जोवर बघितलं नव्हतं तोवर भाऊ धडधाकट होता. शेवटी मनाचा हिय्या करून त्या वाकल्या.

घोसच्या घोस, आणि बुडबुडे. एक तरी बारकी, सुटी पेशी दिसेल म्हणून ताईंनी ती काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. एकही नव्हती. आता अदलाबदल झाली असली काय आणि नसली काय, डुकराचा तुकडा एकच होता आणि बुडबुडे दोन्ही काचांवर होते.

डॉक्टरांनी त्यांच्या मुठीतून सतरा नंबर सोडवून घेतली आणि स्वतः बघितली. त्यांचं हसू मावळलं.

"तुमची काही चूक नाही, ताई. काम चोख आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्या सतराच्या घरच्यांना आजच बोलवायला हवं. पुढच्या तपासण्या लगेच कराव्या लागतील. त्याच्याबरोबर कोण आहे, काही माहिती?"

"मी आहे," ताई म्हणाल्या.