प्राप्ती फुटल्याची बातमी

निळी बॅग. चेन अर्धी उघडी.

बारा नावं लागतात. तेरावं चालत नाही.

निरगुडीचा पाला, थोडं मीठ, फडक्यात बांधून तव्यावर शेकायचा.

"पलीकडचे पोरींना बूटपण देतात म्हणे."

सकाळच्या पहिल्या फेरीला माणसं कमी, कोंबड्यांचे पिंजरे जास्त.

सत्तेचाळीस अंगठे, सगळे वर.

नारळ फुटला की यादीला हात लावायचा नाही.

*

नीट सांगायचं तर दादूपासून सुरुवात करावी लागते.

दादू आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडतो. माणसाचं, स्कूटरचं, टेम्पोचं. अर्धं तिकीट प्रवाशाला, अर्धं त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत. बारा वर्षं झाली. खाडी ओलांडून दिघीला जाणारा माणूस त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय फेरीबोटीत चढत नाही. कोणाचा जावई रुसून निघालाय, कोणाच्या पोराची परीक्षा आहे, कोणी गुपचूप जमीन बघायला चाललाय, हे दादूला त्यांच्या घरच्यांआधी कळतं. तो विचारत नाही. नुसता बघतो, आणि बघितलेलं जोडतो.

जोडायची ही सवय त्याला एका जागी फार उपयोगी पडली. त्याच्या गावात, भाटशेतला, मुलींचा कबड्डी संघ आहे, क्रांतीज्योत. पुरुषांचाही होता, तो मानपानाच्या भांडणात बुडाला. मुलींनी मात्र नाव काढलं. 'क्रांतीज्योत फॅन्स' नावाचा ग्रुप आहे, एकशे साठ माणसांचा. निम्मी माणसं पनवेल-मुंबईला कामाला. दोन वर्षांत एकही सामना त्यांनी बघितलेला नाही, आणि संघाबद्दलचं सगळं त्यांनाच माहीत असतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेआधी एक महिना असा येतो की त्यात कबड्डी कमी आणि कबड्डीवरचं बोलणं जास्त. कोण कुठल्या संघात जाणार, कोणाला कोणी फोन केला, कोण फुटणार. आपल्याकडे 'संघ बदलला' असं कोणी म्हणत नाही, 'फुटली' म्हणतात. या महिन्यात दादूची किंमत वाढते. दोन वर्षांपूर्वी संघाचे प्रशिक्षक दोन सुटकेस घेऊन बोटीत चढले ते त्याने बघितलं आणि ग्रुपवर टाकलं, "सर गेले." कोणी विश्वास ठेवला नाही. चौथ्या दिवशी सर पलीकडच्या दर्यासागर संघाच्या बाकावर बसलेले दिसले. तेव्हापासून ग्रुपवर दादूला 'जेट्टी वाहिनी' म्हणतात. ग्रुप चालवणारा सनी तर दर सोमवारी विचारतोच, "वाहिनीवर आज काय?"

खोटं कशाला बोला, दादूला ते आवडायचं. दिवसभर 'ए तिकीट' म्हणून हाक मारणाऱ्या जगात एकशे साठ माणसं त्याच्या एका ओळीची वाट बघत होती.

*

सोमवार. पहिली फेरी. प्राप्ती.

प्राप्ती म्हणजे क्रांतीज्योतची पहिली चढाई. मध्यरेषा ओलांडली की समोरच्या सात जणी आपोआप एक पाऊल मागे सरकतात, अशी. दादूच्या घरामागे तिचं घर. तिने तिकीट घेतलं, "बरं हाय ना, काका?" म्हणाली आणि बोटीत गेली. खांद्यावर सरावाची निळी बॅग.

बोटीत वरच्या मजल्यावर बाकडी आहेत, वारा आहे, सगळे वर जातात. प्राप्ती वर गेली नाही. खाली गाड्यांच्या मधे, एका टेम्पोच्या आडोशाला उभी राहिली.

मंगळवारीही तेच. टेम्पोच्या जागी मोटार.

गुरुवारी परत.

सरावाची बॅग घेऊन पलीकडे. तीनदा. लपून. दर्यासागरला यंदा कोणी नवा ठेकेदार पाठीराखा मिळालाय. दादूने जोडलं. तरी त्याने ठरवलं की आपण काही ठोकून द्यायचं नाही, बघितलं तेवढंच लिहायचं. लिहिलं:

'प्राप्ती. आज पण पलीकडे. बॅग सोबत. 🤐'

लिहिलेलं सगळं खरं होतं. शेवटचं ते तोंडाला चेन लावलेलं पिवळं डोकं तेवढं जास्तीचं.

*

ग्रुप, गुरुवार, सकाळी साडेआठ ते दुपारी एक. निवडक.

सनी: वाहिनी जिंदाबाद. मी म्हणत होतोच.

(सनी कधीच म्हणत नव्हता.)

पनवेलवाला एक: दर्यासागर नोकरीला पण लावतो म्हणे.

दुसरा: बूट देतात.

तिसरा: मला कधीच भरवसा नव्हता. फायनलला दोन चढाया मुद्दाम सोडल्या तिने.

दुसरा: कुठल्या फायनलला?

तिसरा: व्हिडिओ बघा.

सनी: जायचं असेल तर जा, पण सांगून जा. गावाने मोठं केलं.

मग सत्तेचाळीस अंगठे.

दादूने एकदा लिहिलं, 'मी फक्त दिसली असं म्हटलं.' त्याला कोणीतरी हसणारं तोंड लावलं.

संध्याकाळी धाकूनाना स्वतः जेट्टीवर आले. धाकूनाना म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे. संघाची यादी ते करतात. दर वर्षी स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी गावदेवीच्या देवळात बारा नावं मोठ्याने वाचतात आणि नारळ फोडतात. एकदा मानपानाच्या भांडणात यादी तीनदा बदलली होती, तेव्हापासूनचा हा कायदा. नारळ फुटल्यावर देवीसमोर वाचलेलं नाव खोडता येत नाही, न वाचलेलं घालता येत नाही.

"तू पायलंस?" नानांनी विचारलं.

"पायलं. पण नाना, पायलं एवढंच. कशाला जाते ते मला न्हाय म्हायती."

"बॅग होती?"

"होती."

"बरं," नाना म्हणाले, आणि बोट लागेपर्यंत पाण्याकडे बघत उभे राहिले. बोटीत मात्र चढले नाहीत.

*

शुक्रवारी प्राप्तीने तिकिटाचे पैसे पुढे केले नाहीत. ती दादूसमोर नुसती उभी राहिली.

"काका, ग्रुपवर तुम्ही लिवलंत?"

"मी दिसली एवढंच लिवलं गं."

"मग बाकीचं?"

"बाकीचं लोकांनी."

"म्हणजे आता लोकांनाच विचारू एकेकाला? एकशे साठ घरं फिरू?"

मागे रांग होती. कोंबड्यावाला म्हणाला, "ताई, चढतेस का?" ती बाजूला झाली. दादूने चार तिकिटं फाडली आणि परत तिच्याकडे वळला.

"तू खाली कशाला उभी राहतेस मग? गाड्यांच्या मधी? तोंड लपवून?"

"तोंड न्हाय, काका. जिना."

तिने इकडेतिकडे बघितलं आणि ट्रॅकपँटचा पाय वर घेतला. गुडघा नारळाएवढा. त्यावर हिरवट पाल्याचा लेप, वरून पट्टी. गेल्या महिन्यात सरावात पकडीतून सुटताना आत काहीतरी तुटल्यासारखं झालं होतं. ती हसत उठली आणि पुढची चढाई केली. कोणाला कळलं नाही. पलीकडच्या डोंगराजवळ एक हाडवैद्य आहे, त्याच्याकडे ती जात होती. मुरूडला गेली असती तर दवाखान्यात गावातलं कोणीतरी भेटलंच असतं, अलिबागला तर धाकूनानांची सूनच कामाला. बॅग कशासाठी? घरी सरावाला चालले असं सांगायला, आणि आत पाल्याचं फडकं ठेवायला.

"वैद्य म्हणतो पंधरा दिवसांत उभी करतो. स्पर्धा वीस दिवसांवर हाय."

"मग सांगूया की नानांना."

"गुडघा गेलेली पोरगी कोण घेतं यादीत? बारात एक जागा फुकट घालवतील?" तिचा आवाज खाली आला. "काका, जिल्ह्याच्या संघात निवड झाली की राज्य खेळायला मिळतं. राज्य खेळलं की प्रमाणपत्र. ते हाय तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. बाबांनी हे एक वरीस दिलंय. पुढच्या वर्षी लग्न. आईने भांडून घेतलंय हे वरीस."

दादूने पिशवीतले तिकिटांचे तुकडे खाली दाबले.

"तुम्ही फक्त सांगा, ती फुटली न्हाय. गुडघ्याचं सांगू नका. शप्पथ हाय तुम्हाला."

बोटीने भोंगा दिला. तिने पैसे पुढे केले. दादूने घेतले नाहीत, तरी तिने त्याच्या पिशवीत टाकले.

*

आता दादूने काय काय केलं ते ओळीने सांगतो. ओळ महत्त्वाची आहे, कारण प्रत्येक पायरीवर तो एक पायरी खाली गेला.

एक. ग्रुपवर लिहिलं: 'प्राप्ती फुटलेली नाही. मी खात्रीने सांगतो.' उत्तर आलं: 'काल वेगळी खात्री होती.' त्यापाठोपाठ सनीचं: 'काकांना पलीकडून पापलेटं आलेली दिसतात.' पापलेटावर एकतीस हसणारी तोंडं.

दोन. मग तो खोटं बोलला. 'ती मावशीकडे जाते, मावशी आजारी आहे.' पनवेलवाल्याने अर्ध्या तासात शोध लावला की तिची एकुलती मावशी उरणला असते, ठणठणीत आहे आणि परवाच लग्नात नाचलेली आहे. फोटोसकट.

तीन. बायको म्हणाली, "फोन ठेवा आता खाली. जितकं बोलाल तितकं चिकटतंय तिला." त्याने ठेवला. गप्प राहिला. त्यावर सनीने लिहिलं, 'वाहिनी बंद. म्हणजे खरंच.'

चार. शनिवार गेला. शनिवारी काहीच करता आलं नाही. बोटीच्या सगळ्या फेऱ्या वेळेवर सुटल्या.

*

रविवार, देऊळ.

सभामंडपात पन्नासेक माणसं. मुली एका बाजूला सतरंजीवर. प्राप्ती मांडी न घालता खांबाला टेकून उभी. बाकीच्या सगळ्या तिच्याकडे बघत नव्हत्या, म्हणजे सारख्या बघत होत्या.

दादूने धाकूनानांना पायरीवर गाठलं. नानांच्या एका हातात नारळ, एका हातात घडी घातलेला कागद.

"नाना, तिचं नाव हाय ना?"

"तूच सांग, असावं का?"

"ती फुटली न्हाय. माझं चुकलं."

"मग जाते कशाला तिकडे? कारण सांग, मी आत्ता नाव घालतो. पेन हाय खिशात."

एवढ्या सोप्या प्रश्नाला दादूकडे दोनच उत्तरं होती, गुडघा सांगणं किंवा गप्प बसणं, आणि दोन्हींनी प्राप्ती यादीबाहेर पडत होती. त्याने आत बघितलं. प्राप्ती त्याच्याकडेच बघत होती. तिने मान हलवली, जेमतेम, नको म्हणून.

पण नाना तसे नव्हेत, असं दादूला वाटलं. नाना शिक्षक माणूस. एकट्या नानांच्या कानात घातलं तर ते पोटात ठेवतील, नाव लिहितील, स्पर्धेपर्यंत गुडघा बरा होईल. त्याने इकडेतिकडे बघितलं, नानांच्या कानाशी वाकला आणि सांगितलं.

नानांनी नारळ काखेत घेतला. मग त्यांनी दादूच्या दंडावर हात ठेवला.

"बरं झालं सांगितलंस. मी पोरीबद्दल भलतंच मनात आणलं होतं. पाप लागलं असतं." त्यांचे डोळे खरंच ओले झाले. "तशा गुडघ्यावर खेळली तर जन्माची अधू होईल. माझ्या हातून न्हाय होणार ते."

"नाना, पण तिला..."

"मी कोणाला कारण न्हाय सांगणार. निश्चिंत राहा."

नाना आत गेले. कागद उघडला, बारा नावं वाचली. पहिल्या चढाईच्या जागी एरवी राखीव असणाऱ्या साक्षीचं नाव आलं. साक्षी दचकली. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "प्राप्तीला यंदा मंडळाने विश्रांती दिलेली आहे." शब्द पाळून त्यापुढे एक अक्षर बोलले नाहीत.

सभामंडपात एक हुंकार फिरला. विश्रांती म्हणजे काय ते पन्नासच्या पन्नास जणांना कळलं. गावाची अब्रू राखायला नानांनी किती सभ्य शब्द शोधला, असं दोघेतिघे म्हणालेसुद्धा.

नारळ फुटला.

प्राप्ती खांबापासून निघाली आणि दादूच्या बाजूने न जाता मागच्या दाराने गेली. मागच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. दादूने त्या मोजल्या, कारण ती प्रत्येक पायरीवर थांबत होती.

*

सोमवारी दादूने आणखी एक प्रयत्न केला. पहिल्या फेरीला दिघीकडून आलेल्या खलाशाला, अंबाजीला, त्याने विचारलं, "तुमचा दर्यासागर घेईल का रे प्राप्तीला? खरंच?"

अंबाजी दोर गुंडाळत होता. "कोणाला? भाटशेतवालीला? अरे, आमच्याकडे तर गुरुवारीच आवई होती ती येणार म्हणून. आमची पोरं खूश. पण आमची यादी शनिवारी गेली. ती काय आली न्हाय." दोर खुंटीला टाकून त्याने विचारलं, "का आली न्हाय ती?"

"मी काय सांगू," दादू म्हणाला.

खिशात फोन थरथरला. सनी विचारत होता, साक्षीचा भाऊ काल कोणाशी बोलत होता, जेट्टीवर काही दिसलं का. दादूने तो मेसेज वाचला. पुढे रिक्षावाला उभा होता, त्याचं तिकीट फाडलं. मग आणखी दोन.

प्राप्ती आली. आता बॅग नव्हती. फडकं उघड्या हातात, पाला बाहेर दिसत होता.

"एक द्या," ती म्हणाली. काका म्हणाली नाही.

दादूने तिकीट फाडलं. ते सरळ फाटलं नाही, मोठा तुकडा त्याच्याकडेच राहिला. तो बदलून द्यावा म्हणून त्याने हात पुढे केला, तोवर ती लहान तुकडा घेऊन गाड्यांच्या मधे जाऊन उभी राहिली होती. रॅम्प वर उचलला गेला.

*

गेल्या फेब्रुवारीत शाळेच्या भिंतीला उभं करून प्राप्तीची उंची मोजली होती. एकशे एकोणसाठ सेंटीमीटर भरली. पोलीस भरतीला एकशे पंचावन्न पुरते.